एका शिंगाची शेळी

मला सगळ्यात स्वच्छ आठवते ती जागा मी कधी पाहिलेलीच नाही. पत्र्याचं शेड. पूर्वेस कडब्याची गंजी, पश्चिमेस पायवाट, दक्षिणेस शेजाऱ्याची भिंत, उत्तरेस मोकळी जागा. गंजीच्या बुडाशी पोत्यात गुंडाळलेली पाण्याची मोटार. आणि बाभळीला बांधलेली एका शिंगाची शेळी.

यातलं मोटारीपर्यंतचं सगळं पोलिसांच्या पंचनाम्यात होतं. शेळी मात्र माझी. कोर्टात शपथ घेऊन मीच ती तिथं बांधली. तिच्यापायी दोन सख्खे भाऊ एकमेकांना मुकले. दोघंही माझे विद्यार्थी, चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेले. ती शेळी सोडायची आणि त्या भावांना एकमेकांकडे पाठवायचं, एवढंच काम माझ्या नावावर शिल्लक होतं. उभी हयात पोरांना निबंध लिहायला शिकवलं, आणि स्वतःचं एक वाक्य बोलायला मला इतकी वर्षं लागली.

आमचं गाव तेलगावहून धारूरच्या घाटाकडे निघालं की वाटेत लागतं. नाव सांगत नाही, सांगून काही फरकही पडणार नाही. बाजारपेठेत आप्पांचं दुकान होतं. पाइप, कॉक, नट-बोल्ट, दोरखंड, फवारणीचे पंप असलं शेतीचं सामान. दुकानापुढं एक लाकडी बाक. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर रोज तीन ते पाच मी त्या बाकावर असायचो. बायको म्हणायची, शाळा सुटली पण हजेरी सुटली नाही.

आप्पा लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, आणि जिभेवर तिखट. आमच्यातला तिसरा म्हणजे सरपंच. त्यांची सरपंचकी दोन निवडणुकांमागं गेली होती, पण आमच्याकडे माणूस एकदा सरपंच झाला की मरेपर्यंत सरपंच. शेती भरपूर, ऊस-कापूस, पांढरे कपडे, आणि हातात सतत वाजणारा मोबाईल. कुठल्यातरी देवळातली आरती ते मोबाईलवर चालू करायचे, बाकावर फोन टेकवून ठेवायचे आणि मोठ्या भक्तिभावानं भजी खायचे.

"देव आता घरपोच मिळायलाय," आप्पा म्हणायचे. "परसाद कवा येतोय सरपंच, फोनमधून?"

"आप्पा, तुमी गळ्यात घालून फिरता ते चालतंय, आन् आमी खिशात घालून फिरलो की चेष्टा."

"माझा काढून ठेवता येत न्हाई, हा फरक हाय. तुमचा चार्जिंग संपली की जातोय."

असं चालायचं. देव, निवडणूक, बीडला क्लासला टाकलेली नातवंडं, कोर्टकचेऱ्या, कुणाच्या पोरीनं कुणाशी लग्न केलं, सगळं. सरपंचांचं मत असं की न्याय म्हणजे ओळख. ओळख असली की तारीख लवकर लागते आणि काम होतं. आप्पा म्हणायचे, मग ज्याची ओळख नाही त्यानं काय करायचं? सरपंच म्हणायचे, ओळख काढायची. मी मास्तर, त्यामुळं दोघांच्या मधे बसून दोघांनाही बरोबर म्हणायचो. तेव्हा तो मला समजूतदारपणा वाटायचा.

आप्पांचं एक बोलणं मात्र अजून डोक्यात फिरतं. एकदा मी त्यांना विचारलं होतं, श्रद्धा म्हणजे नेमकं काय हो? ते नट मोजून देत होते. मान वर न करता म्हणाले, "ज्याच्यावर इश्वास ठेवायचा ठरला, त्याच्या बोलण्यात जिथं जिथं भोकं असत्यात, तिथं माणूस आपल्या हातानं बूच बसवतंय. त्यालाच श्रद्धा म्हणत्यात." आम्ही हसलो. दुकानदाराला सगळीकडं बूचच दिसणार, असं सरपंच म्हणाले.

सरपंचांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली ते उन्हाळ्याचे दिवस होते. ऊस उभा होता, पाण्याची गरज होती, ते चांगलेच चिडले होते. संशय आला तो वायंडिंगवाल्यावर, त्या दोन भावांतल्या थोरल्यावर. जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं छोटं दुकान होतं. ती मोटार विहिरीत सोडताना तोच होता, म्हणून. मला ते पटलं नाही. चौथीत असताना फळा पुसायचं फडकं रोज घरी धुऊन आणणारा तो मुलगा होता. पण मी एवढंच म्हणालो, "बघा बुवा." हे 'बघा बुवा' मी आयुष्यात फार वेळा म्हटलं.

दोन दिवसांनी पोलिसांनी त्याला दुकानातून उचललं. त्याच दुपारी जमादार एक कागद घेऊन आप्पांच्या दुकानावर आला. बरोबर सरपंच. मोटार सापडली होती. "दोन पंच लागत्यात," सरपंच म्हणाले. "तुमी दोघं हायतच की."

इथं एक सांगितलं पाहिजे. आमच्याकडे दोस्ताचा कागद वाचून सही करणं हा त्या दोस्ताचा अपमान असतो. जामीन असो, सोसायटीचा अर्ज असो, सोयरिकीची बोलणी असोत, दोस्तानं कागद पुढं केला की माणूस 'कुठं करू?' एवढंच विचारतो. जो चष्मा शोधतो तो दोस्त नव्हे. चष्मा माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. आप्पांनी पेन झटकलं, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी अक्षर सुवाच्य काढलं, मास्तर ना! जमादारानं चहा घेतला, भज्यांना नावं ठेवली आणि तो गेला. आम्ही बाकावरून उठलोसुद्धा नाही.

नंतर कधीतरी सरपंच बोलण्याच्या ओघात सांगून गेले. मोटार सापडली होती ओढ्यात, पोत्यात घालून कुणीतरी टाकलेली. "पर ओढा कुनाच्या नावावर करायचा? केसला घर लागतंय. म्हनून त्याच्या घरामागचं शेड दाखवलं. माणूस तर तोच हाय ना?" आप्पांच्या हातातला तराजू थांबला. पण विषय बदलला, गिऱ्हाईक आलं, आणि आम्ही तिघंही त्या विषयाकडे पाठ करून बसलो.

पाठ करून बसता येतं असं मला वाटलं होतं.

तो जामिनावर सुटला. केस पाच वर्षं चालली. त्याच्या दुकानात कोण मोटार देणार? चोराकडे मोटार दुरुस्तीला देणं म्हणजे काय, हे गावानं हसत हसत ठरवून टाकलं. दुकान बसलं. तो सायकलवरून बाकासमोरून जायचा. मला बघून खाली उतरायचा, "रामराम गुरुजी" म्हणायचा, पुन्हा सायकलवर बसायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दुपारची झोप घ्यायला पडलो की ते शेड दिसायचं. आधी नुसता पत्रा, मग कडबा, मग कडब्याचा वाससुद्धा. कागद मी नंतर वाचला होता, कोर्टाची नोटीस आल्यावर, सरकारी वकिलाच्या सांगण्यावरून तीनदा वाचला होता. त्यातल्या चारी दिशा माझ्यात जाऊन बसल्या. त्याचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीत. मी त्या वस्तीत कधी गेलो नव्हतो, आणि आता तर ओढ्यापर्यंतही जाईनासा झालो.

साक्षीच्या आदल्या दिवशी बाकावर आमचं शेवटचं मोठं बोलणं झालं.

"ईश्वराची शपथ घ्यायला लावत्यात," आप्पा म्हणाले. "खरं सांगेन म्हणून."

"ती म्हणायची असती हो आप्पा," सरपंच म्हणाले. "सगळेच म्हणत्यात. कोर्टातलं खोटं हे खोटं नसतंय, ते कामकाज असतंय."

"तुमचा ईश्वर बाहेर बसत आसंल, चप्पल सांभाळत. माझा संगंच आत येणार. गळ्यातून काढून खुंटीला लावून जाऊ का काय?"

"मग काय करणार तुमी?"

"जे झालं ते सांगणार. सही माझी हाय, मोटार मी बघितली न्हाई."

सरपंचांचा चेहरा उतरला. ते रागावले नाहीत, दुखावले. "आवो आप्पा, तीस वर्षांची दोस्ती आपली," असं हळू आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमी?"

मला बोलायचं होतं. देवाशपथ सांगतो, आप्पांच्या मागोमाग 'मीही' एवढा एकच शब्द मला बोलायचा होता. पण तीस वर्षांची दोस्ती बाकावर माझ्या शेजारी बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शिवाय खोटी सही केली हे उघड झालं तर निवृत्त मुख्याध्यापकाची काय शोभा होईल, हेही मनात होतंच. ते लपवत नाही. मी म्हणालो, "बघू."

कोर्टात आधी मला बोलावलं. सरकारी वकिलानं विचारलं, मी सांगितलं. शेड, गंजी, पायवाट, भिंत. पाठच होतं. आरोपीचा वकील उठला, कोवळा मुलगा, कोट अंगाला मोठा. त्यानं एकच प्रश्न विचारला. "गुरुजी, पंचनाम्यात लिहिलंय ते सोडून द्या. त्या जागी तुम्ही आणखी काय पाहिलं, तेवढं सांगा."

कॉपी करताना पोराला पकडावं तसं त्यानं मला पकडलं होतं. मान खाली घालायची तीच वेळ होती. पण मला राग आला. ज्याच्या बरोबरीच्या पोरांना मी चौथीत कान धरून उभं केलं, तो मला विचारतो? आणि माझ्या तोंडून निघालं, "बाभळीला एक शेळी बांधलेली होती. तिला एकच शिंग होतं. डावं मोडलेलं."

कुठून आली ती शेळी, मला आजही कळत नाही. न्यायाधीशांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग टायपिस्टला सावकाश सांगितलं, आणि शेळी कागदावर उतरली. वकील पोरगा खाली बसला. मी आरोपीकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. राग नव्हता त्याच्या तोंडावर. काहीतरी हरवलेलं अचानक आठवावं तसा दिसत होता. मला वाटलं, म्हणजे यानंच चोरली! खरं सांगतो, त्या क्षणी मला हायसं वाटलं.

माझ्यानंतर आप्पा गेले. त्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. सही माझी आहे, पण मी दुकान सोडून कुठं गेलो नव्हतो. सरकारी वकिलानं त्यांना फितूर ठरवलं. आरोपीनं विकत घेतलं का, असंही विचारलं. आप्पा एवढंच म्हणाले, "मी इकतो, साहेब. नट-बोल्ट."

निकाल माझ्या साक्षीवर गेला. एक पंच फितूर, पण दुसरा निवृत्त मुख्याध्यापक, आणि त्यानं कागदात नसलेली शेळीसुद्धा पाहिलेली. सहा महिन्यांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टात तो गेलाच नाही. लोक म्हणाले, गुन्हा कबूल असल्यावर कशाला जाईल? मीही तेच म्हणालो.

सरपंच बाकावर यायचे बंद झाले. विहिरीवर त्यांनी कॅमेरा बसवला, म्हणजे आता पंचाची भानगडच नाही, असं कुणाकुणाला सांगायचे. आप्पांना ते कळलं तेव्हा म्हणाले, "बरंय. कॅमेऱ्याला चहा पाजून सही तर घेता येत न्हाई." गावात त्यांना फितूर म्हणायचे. तोंडावर कुणी नाही, पण गिऱ्हाईक जरा कमी झालं. मला मात्र मान वाढला. लोक कज्जे मिटवायला मला बोलवायला लागले, गुरुजी खोटं बोलत नाहीत म्हणून. मी जायचो. आणि हे लिहिताना लाज वाटते, पण मी निवाडे चांगले करायचो.

आप्पांनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच, दुकानाचं शटर ओढता ओढता विचारलं, "गुरुजी, शेळी कुठली?"

मी म्हणालो, "आप्पा, उद्या सांगतो."

त्यानंतर उद्या बरेच आले. ते विचारायचे नाहीत, मी सांगायचो नाही. दोन वर्षांनी एका सकाळी दुकानात बसल्या जागीच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. लिंगायतांमध्ये जाळत नाहीत, बसवून पुरतात. खड्ड्यात मांडी घालून आप्पांना बसवलं होतं, कपाळाला भस्म, हाताच्या तळव्यावर ते लिंग. बाकासमोर गल्ल्यावर बसायचे तसेच बसले होते. जंगमस्वामी मंत्र म्हणत होते, लोक एकेक करून बेलाचं पान आणि मूठभर माती टाकत होते. माझी पाळी आली तेव्हा मला वाटलं, आता डोळे उघडून विचारतील. माझी मूठ उघडेना. कुणीतरी मागून म्हणालं, "टाका गुरुजी," तेव्हा मी माती टाकली. अजूनही कधी कधी दुपारी डोळा लागताना त्या शेडमध्ये मी जातो तेव्हा आप्पा गंजीला टेकून मांडी घालून बसलेले असतात, आणि शेळी त्यांच्या हातातला बेल खात असते. मी भुतंखेतं मानत नाही. पोरांनाही मानू दिली नाहीत. पण मी हे बघतो.

तो शिक्षा भोगून आला. आता दुसऱ्याच्या शेतावर पाणी सोडायचं काम करायचा. आणि त्यानं मला न समजणारी एक गोष्ट सुरू केली. दसऱ्याला संध्याकाळी तो माझ्या घरी यायचा, हातात आपट्याची पानं द्यायचा, पायावर डोकं ठेवायचा आणि जायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं, टोमणा मारतोय. दुसऱ्या वर्षी वाटलं, यानं मला माफ केलं. दरवर्षी मी ठरवायचो, यंदा सांगायचं. दरवर्षी तो दारात दिसला की मी पाऊसपाण्याचं विचारायचो, आणि बायको त्याच्या हातावर साखर ठेवायची.

गेल्या उन्हाळ्यात तो दसरा नसताना आला. भर दुपारी. हातात लग्नाची पत्रिका होती. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि पत्रिका माझ्यापुढं ठेवली.

"धाकट्याच्या पोरीचं लगीन हाय, बीडला. पत्रिका धाडलीय त्यानं. तुमी सांगा गुरुजी, जाऊ का नको?"

त्याचा धाकटा भाऊ बीडला एस.टी. स्टँडवर रिक्षा चालवतो हे मला माहीत होतं. दोघांत बोलणं नाही हेही ऐकलं होतं. पण वाटण्यांवरून असेल असं मी समजलो होतो. भावाभावांचं कशावरून बिनसतं, आपण विचारत नाही.

"पुतणीचं लग्न आहे. जायला नको का?" मी म्हणालो. "विचारतोस कशाला?"

"तुमीच इचारता व्हय? तुमच्याच्यानं तर मला कळलं सगळं."

मग त्यानं सांगितलं. पोलिसांनी त्याला उचललं तेव्हा बायको-पोरं माहेरी गेलती. घरी धाकटाच होता. मागचं शेड धाकट्याच्या वाटणीचं. सुटून आल्यावर थोरल्यानं विचारलं तेव्हा धाकट्यानं सांगितलं, दादा, इथं पोलिस आले न्हाईत, पंच आले न्हाईत, कुनी कुत्रं सुदिक आलं न्हाई. थोरल्याचा विश्वास बसला. पाच वर्षं दोघं मिळून वकिलाकडे हेलपाटे घालत होते. धाकट्यानंच तो कोवळा वकील शोधून आणला होता.

"आन् मग तुमी शेळीचं बोलले," तो म्हणाला. "धाकट्याची शेळी व्हती ती, एका शिंगाची. डावंच मोडल्यालं. शेडच्या मागं बांधायचा. रस्त्यावरून दिसायची न्हाई, आत आल्याबिगर कुनाला ठाव असायचं कारणच न्हाई. तवा मला कळलं. गुरुजी आलते. म्हंजे मोटार तिथं व्हती. म्हंजे हा खोटं बोलायलाय. मी आत आन् मोटार याच्या कडब्याखाली! भावासाठी जेलात गेलो म्हना. त्याला घरातून काढलं मी, पोरीबाळीसकट. तुमी न्हाई सांगितलं असतं तर जलमभर मला वाटलं असतं की पोलिसांनीच रचलं."

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं होतं. मी त्या पायरीकडे बघत होतो. वरच्या कोर्टात तो का गेला नाही, दसऱ्याची पानं कशासाठी होती, त्या दिवशी कोर्टात त्याचा चेहरा का उतरला, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. शेळी बहुतेक मी कधीतरी बाजारात धाकट्याच्या हाती दोरीला पाहिली असेल. लक्षातही राहिली नसेल. आणि नको तेव्हा ती माझ्या जिभेवर आली.

मी सांगितलं. अखेर सांगितलं. "अरे, मी तुझ्या घरी कधी आलो नाही. सही मी आप्पांच्या दुकानात केली, बाकावर बसून. मोटार ओढ्यात सापडली होती. शेळी मी बनवून सांगितली. तुझा भाऊ खरं बोलत होता. मी खोटं बोललो."

मला वाटलं तो उठेल, मारील, ओरडेल. मी त्यासाठी तयार होतो. नव्हे, मला तेच हवं होतं.

तो हसला. फार मायेनं हसला.

"आसं नका करू गुरुजी. माझं घर जोडायला तुमी खोटं कावून बोलायलाव?"

"मी खरं सांगतोय."

"एका शिंगाची शेळी कुनाला बनवून सांगता येती का? डावं मोडल्यालं सुदिक? ती व्हतीच की." त्यानं जरा विचार केला. "बाभळ न्हवती तिथं, लिंब व्हता. पर ती चूक कुनाची बी व्हती. तुमचं वय झालं व्हतं तवा."

मी पुन्हा सांगितलं. आप्पांची साक्ष आठव म्हणालो. तो म्हणाला, आप्पा भला माणूस, गरिबाची दया आली म्हणून फिरले, देव त्यांचं भलं करो. मी सरपंचांना बोलावू म्हणालो. तो म्हणाला, कशाला त्यांना या वयात तरास. माझ्या बोलण्यात जिथं जिथं भोक होतं तिथं तो आपल्या हातानं बूच बसवत होता. शेवटी माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "तुमी एवढं मन मोठं करायलाव, तर मी बी करतो. जातो मी लग्नाला. माफ केलं त्याला."

लग्नाला मीही गेलो. बीडला, एका मंगल कार्यालयात. थोरला मांडवात शिरला तेव्हा धाकटा नवरदेवाकडच्या पाहुण्यांना मानाची टोपी घालत होता. टोपी हातातच राहिली. थोरल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चार पाहुण्यांसमोर म्हणाला, "मोटारीचं मी मनातून काढलं. झालं ते झालं." धाकट्यानं वाकून भावाचे पाय धरले. दोघंही रडले. बायका रडल्या.

मी धाकट्याला बाजूला गाठलं, स्वयंपाकघराच्या दाराशी. म्हणालो, "चल, मी आत्ता त्याच्यासमोर सांगतो. तू फक्त उभा राहा. दोघांनी मिळून सांगितलं तर पटेल त्याला."

त्याच्या हातात अक्षतांचं ताट होतं. माझ्या वर्गात असताना तो तोतरा बोलायचा. आता सरळ बोलत होता. माझ्याकडे त्यानं पाहिलं, आणि त्याच्या बघण्यात सगळं होतं. त्याला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. कुत्रंसुद्धा आलं नव्हतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," तो म्हणाला. "आता त्याला पटलं ना, तर तो परत जाईल. लाजंनं. मला घरातून काढलं, पोरीला पावसाळ्यात रस्त्यावर आणलं, ते त्याला झेपायचं न्हाई. चोर म्हणून का होईना, तो आलाय. पोरीच्या डोक्यावर त्याचा हात पडू द्या."

"आणि तू?"

"मला सवय झालीय." मग ताटातल्या अक्षता सारख्या करत म्हणाला, "तुमी बी करून घ्या."

अक्षता पडल्या. पंगत बसली. मी कोपऱ्यात बसणार होतो, पण थोरल्यानं मला हाताला धरून मधे नेलं, आपल्या शेजारी बसवलं. व्याह्यांना, नवरदेवाच्या मामांना, सगळ्यांना ओळख करून दिली. "हे आमचे गुरुजी. यांच्या एका शब्दावर मी इश्वास ठेवला, म्हनून आज हितं हाय." पाहुण्यांनी हात जोडले. धाकटा स्वतः वाढायला आला. त्यानं माझ्या पानात बुंदी वाढली आणि पुढं गेला.

मी जेवलो. मान खाली घालून पानातलं सगळं संपवलं.